ट्विस्ट, वझं आणि बांद्याची आत्या

गेल्या आठवड्यात एक थ्रिलर वाचून संपवलं आणि खरं सांगते, लायब्ररीचं नसतं तर भिरकावूनच दिलं असतं. तीनशेचाळीस पानं एक बाई आपल्याला मनातलं सगळं सांगतेय, नवरा कसा विचित्र वागतो, सासूच्या खोलीला कुलूप का, मुलगी रात्री का दचकून उठते, आणि शेवटच्या वीस पानांत कळतं की खून हिनेच केलाय आणि ते हिला पहिल्या पानापासून माहीत होतं. अगं बाई, मग इतके दिवस तू मला काय सांगत होतीस! बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली, शेवट मी मोबाईलच्या टॉर्चवर वाचला. बॅटरी पण फुकट गेली.

आम्ही म्हापशात सातआठ जणी अशी पुस्तकं फिरवतो. ग्रुप बिप असं काही भारदस्त नाही, शुक्रवारच्या बाजाराला भेटलो की पिशवीतून पिशवीत, बांगडे-मासळीचा वास लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. गेली दोनतीन वर्षं नव्वद टक्के हेच चाललंय, घरातलं गुपित, खोटं बोलणारी बायको, खोटं बोलणारा नवरा, गेलेली बहीण परत येते आणि ती बहीण नसतेच. आणि प्रत्येकीचं मत वेगळं. बँकेतली मैत्रीण म्हणते की नवराच असतो, नेहमी नवराच असतो, लेखिकेने कितीही फिरवलं तरी, आणि दहातल्या सात वेळा ती बरोबर निघते म्हणून तिच्याबरोबर वाचायला मजा येत नाही. वहिनीला खुनात इंटरेस्टच नाही. तिला घर कसं आहे ते पाहिजे, कोण कुठल्या खोलीत झोपतं, चाव्या कोणाच्या कमरेला, स्वयंपाकघरात शब्द कोणाचा चालतो. भाची ऑडिओबुक ऐकते, ते पण दीडपट स्पीडने, तिला नावं विचारली तर एक सांगता येत नाही पण ट्विस्ट सगळे पाठ.

आणि बांद्याची आत्या. बांदा म्हणजे गोव्याच्या हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रातलं गाव. आत्या पंच्याहत्तरची आहे. ती आधी शेवटचं पान वाचते. मी ओरडते, आत्या असं करू नको गं, त्या बिचाऱ्या लेखिकेने काय मरमर केलीय, तर म्हणते शेवट ठाऊक असला की माणसं नीट दिसतात, नाहीतर आपण नुसते धावत सुटतो. तिच्याबद्दल पुढे सांगते.

माझं मत असं की लेखकाने लपवावं, खुशाल लपवावं, पण माझ्यासमोर ठेवून लपवावं. १९२६ साली अगाथा ख्रिस्तीने रॉजर अक्रॉइडची गोष्ट लिहिली (कोणी वाचली नसेल तर इथून पुढचा पॅरा सोडा, नंतर मला शिव्या नकोत) तेव्हा बऱ्याच जणांनी तिला लबाड म्हटलं, कारण गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी. पण पुन्हा वाचून बघा, तो डॉक्टर खोटं असं बोलतच नाही. एका वाक्यात सांगतो पत्र किती वाजता आलं, पुढच्या वाक्यात सांगतो तो तिथून किती वाजता निघाला. दोन्ही खरं. मधे दहा मिनिटं गायब. त्या दहा मिनिटांत सगळं झालं आणि ती आपल्या नाकासमोर पडलेली होती, आपणच उचलली नाहीत. शेवटी चिडायचं तर स्वतःवर चिडावं लागतं, लेखिकेवर नाही. माझ्या त्या तीनशेचाळीस पानवालीत अशी दहा मिनिटं कुठेच नव्हती. ती सरळ थापा मारत होती.

वहिनीचं घरवालं म्हणणं मला आधी पटायचं नाही पण आता पटतं. १९३८ची दोन उदाहरणं घ्या, दोन्ही इंग्लंडमधली. एक म्हणजे डॅफ्ने द्यू मॉरिएची ‘रेबेका’. त्यात जी बाई गोष्ट सांगते तिचं स्वतःचं नाव पुस्तकभर कुठेच येत नाही आणि मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव मात्र हातरुमालापासून पत्राच्या कागदापर्यंत सगळीकडे. खून, पोलीस, ते सगळं नंतर. भीती कसली तर नव्या सुनेला जुन्या घरात कुठल्या खोलीत चहा घ्यायचा हे माहीत नाही आणि नोकरांना माहीत आहे. हे आपल्याकडे कुठल्या बाईला समजवावं लागेल का! दुसरं पॅट्रिक हॅमिल्टनचं नाटक, ज्यावरून तो गॅसलाइटिंग शब्द आला. नवरा रोज रात्री लपून वरच्या मजल्यावर जातो, तिथे दिवा लावतो, गॅस वाटला जातो म्हणून खालचा दिवा मंद होतो. बायकोला ते दिसतं आणि नवरा तिला पटवत असतो की तुझंच डोकं ठिकाणावर नाही. आमच्याकडे पावसात व्होल्टेज उतरतं तेव्हा नवऱ्यावर संशय घ्यायचा तर सबंध बार्देश तालुक्यात एक संसार टिकायचा नाही, ते असो. पण दिवा सगळ्यांसमोर मंद होत होता हे बघा. पुरावा खोलीतच होता.

आणि आपल्या गोव्यातलाच म्हणायचा तर ‘दृश्यम’. मूळ मल्याळम २०१३चा, हिंदी २०१५चा, हिंदीवाल्यांनी गोष्ट आपल्याकडे आणली आणि तेव्हापासून दर दोन ऑक्टोबरला पावभाजीचे जोक फिरतात. त्यात काय झालं ते प्रेक्षकाला सुरुवातीलाच माहीत असतं (एक गोष्ट सोडून). मग आपण खिळून कशाला बसतो? तर घरातली चार माणसं एकच खोटं एकसारखं बोलू शकतील का, आणि त्यातली धाकटी किती दिवस टिकेल यासाठी. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो माणूस पणजीतल्या लोकांना खोटं बोला म्हणून सांगतच नाही. त्यांच्यासमोर पुन्हा जातो, बोलता बोलता तारीख पेरतो, आणि मग ती माणसं पोलिसांना अगदी मनापासून चुकीची तारीख सांगतात.

हे होऊ शकतं बरं का. एलिझाबेथ लॉफ्टस म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा १९९५मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे. २४ माणसांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी दिल्या, तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या, आणि चौथी बनवलेली, की तू पाचेक वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. २४ पैकी ६ जणांना ते पूर्ण किंवा थोडंफार ‘आठवलं’. का, तर घरच्यांनी सांगितलंय ना! आपण लहानपणाबद्दल जे काही छातीठोकपणे सांगतो त्यातलं निम्मं जेवणाच्या पानावर ऐकलेलं असतं.

म्हणून घरातल्या गुपिताचे थ्रिलर बाकीच्या थ्रिलरपेक्षा जास्त लागतात असं मला वाटतं. हेराने फसवलं तर फसवलं. पण आजीने सांगितलेलं खोटं असलं तर मी बसायचं कुठे?

आता आत्या.

आमचं मूळ घर पेडण्यात. आजोबा गेले, मग आजी २०१८ला गेली, आणि दोन वर्षांपूर्वी बाबांनी आणि काकांनी ठरवलं की वाटणी करून टाकू, नाहीतर पुढची पोरं भांडतील. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे हे प्रकरण वेगळं असतं. १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेलं आहे, मुलं असतील तर आईबापाला मृत्युपत्र करून फार तर अर्ध्या मालमत्तेचं काय ते ठरवता येतं, उरलेला अर्धा मुलांचा, मुलगा मुलगी भेद नाही. कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा दावा, घातली की घरातल्या एकाला शपथेवर सगळ्या वारसांची यादी द्यावी लागते. सगळ्या म्हणजे सगळ्या. मी तर म्हणते गोव्यात थ्रिलर लिहायचा असेल तर वाडा, भूत, कुलूप काही नको, एक इन्व्हेंटरीची फाईल पुरे. एकसष्टच्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या, आधीची जन्माची नोंद पोर्तुगीज रजिस्टरात असते आणि त्या रजिस्टराला तुमच्या अब्रूचं काही पडलेलं नसतं.

वकिलाने आजीआजोबांच्या मुलांच्या नोंदी आणायला सांगितल्या. तीन मुलगे, दोन मुली, असे पाच. कागद आले सहा.

मी बाबांबरोबर गेले होते, मला वाटलं लहानपणी गेलेलं एखादं मूल असेल, त्या काळी घरोघरी असायचं. मुलगी, जन्म १९५०. मी बाबांना विचारलं ही कोण. बाबा गाडीची चावी खिशात शोधत राहिले, चावी हातातच होती. मग म्हणाले, बांद्याची.

म्हणजे जिला मी आजोबांच्या बहिणीची मुलगी समजत होते, बाबांची आतेबहीण, ती बाबांची सख्खी बहीण. आजोबांच्या बहिणीला मूल नव्हतं म्हणून तीन वर्षांची असताना तिच्याकडे बांद्याला दिलेली. दत्तकाचा विधी नाही, कागद नाही, नुसती नेली. तेव्हा बांदा म्हणजे काय, पेडण्याहून माणसं चालत जायची, येत जात राहील असंच सगळ्यांना वाटलं. मग १९५५ उजाडलं. हद्दीवरच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, भारताने नाकेबंदी केली, आणि नेहमीची ये-जा बंदच झाली. अलीकडे आईबाप, पलीकडे पोर. डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तोपर्यंत ती अकरा वर्षांची, तिची आई बांद्याची आणि आमची आजी तिची मामी. परत आणायचं म्हटलं असतं तरी कोणाला आणणार? मग कोणीच काही बोललं नाही, आणि बोललं नाही बोललं नाही म्हणता म्हणता साठ वर्षं गेली.

मी दोन दिवस फुगून बसले. इतके थ्रिलर वाचते आणि घरातलं मला कळलं नाही! नवरा हसला. आणि मग रात्री आठवलं ते वझं.

वझं म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, लेकीच्या सासरी पाठवतात ते. नेवऱ्या (म्हणजे करंज्या), लाडू, नारळ, तवशी (मोठ्या काकड्या), फळं, टोपली भरून. लग्नानंतर पहिल्या चवथीला थाटात, मग दोनचार वर्षं, मग हळूहळू सुटतं. माझ्या दोन्ही आत्यांचं सुटलं. बांद्याचं कधीच सुटलं नाही. माझ्या लहानपणापासून आजी दर चवथीला ती टोपली स्वतः भरायची, कोणाला हात लावू द्यायची नाही, नेवऱ्यांच्या कडा परत परत बघायची, तुटकी निघाली तर ती आम्हाला, आणि काका स्कूटरवरून बांद्याला. नणंदेच्या मुलीला कोण चाळीस वर्षं वझं पाठवतं? मी त्या तुटक्या नेवऱ्या खात तिथेच बसलेली असायचे. सगळं पाटावर मांडून ठेवलेलं होतं. माझी दहा मिनिटं.

नंतर मी आत्याला विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाली, एकसष्ट संपलं आणि वाट उघडली तशी मामी आली बांद्याला. मला बघितलं आणि दारातच बसली, उंबऱ्यावर. कोण मामी भाचीला बघून अशी बसते? मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं मग कधी बोलली का नाहीस, तर म्हणे दोन्हीकडे जेवायला मिळत होतं, कोणाला उठवू पानावरून? आणि मग जरा चिडूनच, तू तरी विचारलंस का कधी?

नाही विचारलं.

तिचं पुस्तकांबद्दलचं मत मात्र अजून बदललेलं नाही. मी तिला ती बहीण-परत-येते वाली कादंबरी मुद्दाम दिली, जरा भीत भीतच, तर चार दिवसांत परत केली. कसं वाटलं म्हटलं तर, यांच्याकडे गुपित कळलं की ओरडतात फार, भांडी काय फोडतात, गाड्या काय पळवतात, एवढी ताकद कुठून येते बाबा. आणि सगळ्यांना एकदमच कसं कळतं? घरात अर्ध्यांना आधी ठाऊक असतंच की. हे मी बँकवालीला सांगितलं, तिला नाही पटलं, ती म्हणे मग पुस्तक संपायचं कसं. तोही मुद्दा आहे.

सह्यांच्या दिवशी आत्या बांद्याहून सकाळच्या बसने आली, नेसून, केसांत अबोली. वकिलाच्या ऑफिसात गर्दी, पंखा कुरकुरतोय, तिघे भाऊ एका बाकावर शाळेतल्या पोरांसारखे. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, कुठे सही करायची विचारलं आणि बोट ठेवून सगळी पानं वाचली, यावेळी पहिल्यापासून. वकील म्हणाले बाई तुमचा हिस्सा तुम्हाला हवा असेल तर... तिने हाताने थांबवलं. हिस्स्याचं बघू म्हणाली.

मग भावांकडे वळली. ‘आई जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांचं वझं राहिलंय माझं. ते कोण देणार?’

बाबांच्या तोंडून शब्द निघेना. मोठे काका घसा खाकरले, आणि विचारलं, तवशी चालतील की नेवऱ्याच पाहिजेत.