अनसूयाच ठेवूया

आज दिवसभर घरात एकच विषय: भाचीचं नाव. आजीचं नाव पुढे चालवायचं हे आधीच ठरलेलं, पण कोणत्या रूपात? आजी कागदोपत्री अनसूया, बोलण्यात मात्र सगळ्यांची अनुसया. आत्याला तेच हवं. आजोबांची हाक अजून तिच्या कानात आहे. भाऊजींना अनया आवडलं. सुटसुटीत, शाळेत कुणी चुकवणार नाही. मला ते पटेना. गळतं एकच अक्षर, पण त्याबरोबर आजीही गेल्यासारखी वाटते. शिवाय अत्रिऋषींची पत्नी, दत्तात्रेयांची आई, तिचं नाव ते! त्याला कात्री कशाला?

मग ताईने बाळाला मांडीवर घेऊन तिन्ही नावांनी हळूच हाका मारल्या. बाळ गाढ झोपेत. पण ‘अनसूया’ म्हणताना ताईचा आवाज भरून आला आणि भाऊजीच म्हणाले, हेच ठेवूया.

जुनं वाटेल ही त्यांची काळजी खरी आहे. लाडाला अनू आहेच की. आईने लगेच कागदावर ठळक लिहून ठेवलं, ‘सू’ दीर्घ. जन्मदाखला, शाळा, पासपोर्ट, सगळीकडे एकच स्पेलिंग जायला हवं; नंतर दुरुस्तीचे खेटे नकोत. उद्या अर्ज भरतोय.