तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपचं इंजिन घरी खोलायचं का?

"गाडी धूर मारतेय, गॅरेजवाला म्हणतो इंजिन काम निघालंय. घरीच खोललं तर जमेल का?" पहाटे वाशी मार्केटची भाजी, दुपारी भिवंडीच्या गोडाऊनचा माल असं ज्यांचं पोट पिकअपवर आहे, त्यांच्याकडून हा प्रश्न मला सतत येतो. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. उत्तर हो आहे, पण अर्धं. खोलणं घरी जमतं, जोडणंही जमतं. बोअर मारणं (सिलिंडर आतून कातून मोठा करणं), क्रँक घासणं, हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं) ही मशीनची कामं. ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नाहीतर तुर्भे-रबाळ्याच्या एमआयडीसीत करून घ्यायची. खोलणं आणि मशीन यांच्या मधे मोजमाप असतं, आणि दारात चार गाड्या उभ्या असलेल्या गॅरेजात नेमकं तेच राहून जातं. घरी वेळ असतो, तो तिथे घालवा.

पण खोलायच्या आधी धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर चोंदलाय, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप फाटलाय, ईजीआर व्हॉल्व्ह (धूर परत हवेत मिसळणारा) उघडाच अडकलाय, नाहीतर नोझल (डिझेलचा फवारा मारणारा) टपकतंय. यातल्या एकासाठीही इंजिन खोलावं लागत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते कुठून आलं? रिंगांवरून, व्हॉल्व्ह सीलमधून, की टर्बोतून? इंटरकूलरचा खालचा पाइप काढून बघा. आत ओशट थर असतोच, त्याचं काही नाही. पण ऑइल ओघळून खाली आलं, तर आधी टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहा.

पांढऱ्या धुरात दोन प्रकार. एक डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. दुसरा गोडसर वासाची वाफ. ती कूलंटची, म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. सकाळी पांढरा धूर आला की आपल्याकडे सरसकट ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) बदलतात. ठाण्यात मे महिन्याच्या पहाटेही २५ अंशांच्या वर असतं आणि डायरेक्ट इंजेक्शनचं धडधाकट इंजिन तेवढ्या उबेत ग्लो प्लगशिवायही लागतं. मे महिन्यात लांब सेल्फ मारावा लागत असेल, तर बिचाऱ्या ग्लो प्लगला शेवटी धरा.

लांब सेल्फचं आणखी एक कारण आहे आणि त्यापायी इंजिनं फुकट खोलली जातात: लाइन एअर धरते. पंप टाकीत नसेल, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये दाब नसतो, ओढ असते. सैल क्लिपमधून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लाइन बाहेरून कोरडी दिसते आणि माणूस फसतो. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावा, इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे येतात का बघा.

हे निस्तरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही. ७० बारपर्यंतचा डिझेलचा गेज हवा आणि ग्लो प्लग किंवा नोझलच्या जागी बसणारा, त्याच इंजिनचा ॲडॅप्टर. इंजिन गरम, बॅटरी फुल, डिझेल बंद, चारही ग्लो प्लग बाहेर. २५ ते ३० बार आले तर छान. २० च्या खाली सुरू व्हायला कटकट होते. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त सांगतो. चारही २३ वर असतील तर इंजिन सरळ झिजलंय, घाई नाही. तीन २६ वर आणि एक १९ वर असेल, तर त्या एकात काहीतरी तुटलंय, जळलंय किंवा वाकलंय. ३ बारपेक्षा जास्त फरक सोडून देऊ नका.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये ऑइल ओतून परत मोजायची आणि आकडा वाढला तर रिंगा गेल्या असं धरायची पेट्रोलवाल्यांची युक्ती डिझेलला लावू नका. हिशेब करून बघा: २५२३ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे साधारण ६३० सीसी. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते) १८ धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा सुमारे ३७ सीसी. त्यात १० सीसी ऑइल टाकलं की उरली २७ आणि रेशो झाला २४. गेज वर चढणारच, रिंगा गेलेल्या असोत वा नसोत. जास्त पडलं तर पिस्टन ऑइलवरच आपटेल.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उलटं ठेवून ते नाचतंय का, म्हणजे रिंगांवरून गॅस खाली निसटतोय का, बघणं बरं आहे, पण ब्रीदर (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदला असला तरी झाकण नाचतं. ब्रीदर साफ करून मग निकाल द्या. बेअरिंगचा अंदाज ऑइल प्रेशरवरून येतो. लाल दिवा फार उशिरा पेटतो, म्हणून स्विच काढून तिथे साधा गेज लावा. इंजिन गरम असताना आयडलला १ बार आणि २००० आरपीएमला २ च्या पुढे हवं.

एक धोका इथेच सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करतात आणि कुठला सिलिंडर मेलाय ते शोधतात. कॉमन रेलवर (चारही नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीवर) हे चुकूनही करायचं नाही. आयडललाच रेलमध्ये २५०-३०० बार असतात, लोडवर १६०० च्या घरात. त्या दाबाची केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जातं. तिथे रिटर्न टेस्ट करा: चारही नोझलच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावा आणि इंजिन आयडलला ठेवा. जी बाटली इतरांच्या दुप्पट भरली, तो नोझल टेस्टिंगला पाठवा.

एवढं करून खोलायचंच ठरलं, तर जागा बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उघडं इंजिन कुणी चालवून घेणार नाही; ऐरोली-कोपरखैरण्याचं रो-हाऊस, कळव्याकडचं गावठाणातलं अंगण, असं काहीतरी हवं. अडीच लिटरचं डिझेल इंजिन २०० किलोच्या पुढे जातं. चेन पुली १ टनाची घ्या आणि ती पत्र्याच्या शेडच्या अँगलला लटकवू नका. इंजिन क्रेन भाड्याने मिळते. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बाहेरून आत येत, तीन टप्प्यांत सैल करा, नाहीतर हेड वाकतं. बेअरिंग कॅपवर नंबर आणि दिशा नसेल तर आधी खूण करा. ज्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) कॅप तोडून वेगळी केलेली असते, तिचा तुटका पृष्ठभाग फक्त आपल्याच रॉडवर बसतो. ऑइल चेंबरच्या तळाचा गाळ चुंबकाने ढवळा: चिकटला तर लोखंड, नाही चिकटला आणि तांबूस चमकला तर बेअरिंगचा थर उतरलाय.

आता सिलिंडर. बोअरच्या अगदी वरच्या कडेशी आतून नख खालून वर ओढा. वरची रिंग जिथवर पोचते, त्याच्या वरची भिंत झिजत नाही, म्हणून तिथे कंगोरा उरतो. नख त्यावर अडकलं तर "फक्त रिंगा टाकू" हा विषय संपला. नव्या रिंगचा कोपरा धारदार असतो. तो कंगोऱ्यावर आपटतो आणि रिंग तुटते. नुसत्या रिंगा टाकून हाफ इंजिन केलेली गाडी दोन-तीन महिन्यांत पुन्हा ऑइल खायला लागते, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

बोअर गेज नसला तरी टेपर, म्हणजे बोअर वर किती जास्त झिजलाय ते, मोजता येतं. एक नवी रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून तिला सरळ खाली ढकला आणि तिच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजा. एकदा कंगोऱ्याच्या १० मि.मी. खाली, एकदा तळाशी, जिथे चालताना रिंग पोचतच नाही. घेर म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट, त्यामुळे व्यास ०.१ मि.मी. वाढला की फट ०.३१ ने वाढते. वर ०.७५ आणि खाली ०.४० आली, तर फरक ०.३५; भागिले ३.१४, म्हणजे ०.११ मि.मी. झीज. नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलात असते, पण ०.१ ओलांडलं की बोअर मारायचाच असं मी धरतो. बोअर लंबगोल झालाय का, हे या युक्तीने कळत नाही. त्याला बोअर गेजच हवा, आणि तो मशीनवाल्याकडे असतो. बोअर मारल्यावर नव्या रिंगची फट पुन्हा मोजा. साडेतीन इंची बोअरला वरच्या रिंगची ०.३० ते ०.४५ ठीक. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते.

पावसाळ्यात याच्या जोडीला एक मोजमाप वाढतं. ठाण्यात वंदना डेपोच्या परिसरात किंवा एखाद्या सबवेत साचलेल्या पाण्यात इंजिन धाडकन बंद पडलं, तर सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. ग्लो प्लग किंवा नोझल काढा, क्रँक पाना लावून हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. सेल्फ आधीच मारला असेल तर हेड काढल्यावर प्रत्येक पिस्टन टॉपला आणून ब्लॉकच्या पातळीपासून किती वर येतो ते डायल गेजने मोजा. तीन पिस्टन सारखे आणि एक अर्धा मि.मी. खाली असेल, तर त्याचा रॉड वाकलाय, डोळ्याला कितीही सरळ दिसो. हेच मोजमाप नवं हेड गॅस्केट निवडायलाही लागतं: अनेक डिझेल इंजिनांना दोन-तीन जाडीची गॅस्केटं येतात आणि जाडी कडेवरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. जुन्या गॅस्केटवर जेवढ्या खाचा तेवढ्याच नव्यावर, हा नियम पिस्टन, रॉड, ब्लॉक यातलं काही बदललं की लागू नाही.

मशीनवाल्याकडे ब्लॉकबरोबर नवे पिस्टन द्या, म्हणजे तो पिस्टन मोजून बोअर मारेल. क्रँक घासायचा झाला तर ०.२५, मग ०.५०, मग ०.७५ अशा पायऱ्या असतात. बेअरिंग क्रँकचं माप आल्यावरच विकत घ्या. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कडेची गोलाई कायम ठेवायला बजावून सांगा. तिथे काटकोन राहिला तर क्रँक तिथूनच तुटतो. हेड प्रेशर टेस्ट करून घ्या, पट्टी लावून ०.०५ चं फीलर खालून जात असेल तरच फेसिंग.

माल घरी आला की धुणं, आणि यात कंटाळा नको. होनिंगची (बोअरला बारीक रेघा मारण्याची) पूड डिझेलने किंवा पेट्रोलने निघत नाही, ती बोअरच्या रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, भांड्याचा साबण, नायलॉनचा ब्रश; पांढरं फडकं बोअरमधून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत घासा. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून लांब ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. मग कोरडं करून लगेच ऑइलचा हात फिरवा. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या बोअरला दुपारची जेवणं होईपर्यंत तांबूस झाक येते.

जोडताना मेन बेअरिंगचा क्लिअरन्स (बेअरिंग आणि जर्नलमधली फट) प्लास्टिगेजने बघा: मेणासारखी बारीक तार कोरड्या जर्नलवर ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक न फिरवता परत काढायची आणि चेपलेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या मापाशी जुळवायची. ०.०३ ते ०.०८ मि.मी. सर्वसाधारण. थ्रस्ट वॉशरच्या खाचा क्रँककडे. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत. प्रत्येक पिस्टन घातल्यावर क्रँक हाताने फिरवा. अचानक जड झालं तर दोष नुकत्याच बसवलेल्या पिस्टनमध्ये आहे. हेडच्या बोल्टची भोकं फडक्याने कोरडी करा; तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जातो. टॉर्क देऊन वर अंश फिरवायचे बोल्ट नवेच घ्या. सिलिकॉन बोटभर थापू नका, आत निसटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्हचा मेळ) लावून झालं की पान्याने क्रँकचे पूर्ण दोन फेरे, सेल्फला हात लावायच्या आधी.

पहिल्या स्टार्टला आधी डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ, दहा-दहा सेकंदांचा. टर्बोच्या ऑइल पाइपात थोडं ऑइल आधीच घाला. डिझेल लाइनमधली एअर काढा. आणि हवेच्या तोंडाशी एक प्लायवूडचा तुकडा तयार ठेवा. टर्बोतून किंवा ब्रीदरमधून ऑइल ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही स्वतःच्या ऑइलवर पळत सुटतं. तेव्हा हवा कोंडणं हाच भरवशाचा उपाय. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं.

सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलला ठेवायची जुनी पद्धत सोडा. लोड नसेल तर रिंगा बोअरवर दाबल्या जात नाहीत आणि भिंत गुळगुळीत काचेसारखी होते, मग ऑइल खातच राहते. ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलांत घासण्यापेक्षा अर्धा माल भरून नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत, वेग कमी-जास्त करत नेऊन आणा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. निघालेलं सहा-सात लिटर ऑइल नाल्यात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत रिसायकलरला माल देणाऱ्या गॅरेजात पोचवा. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघा. काळपट चुरा थोडा असणारच. तांबूस चमक दिसली, तर गाडी भाड्याला लावायच्या आधी चेंबर उतरवून बेअरिंग बघा.