अण्णांच्या हातचं टूल

कारखान्यातला माणूस गेला की ऑफिसात त्याच्या फंडाचे कागद हलू लागतात, नोटिस बोर्डाशेजारी फोटो लागतो, त्याला हार पडतो. मशीन शॉपमध्ये मात्र एक वेगळाच प्रश्न उरतो. पेटीचं काय करायचं? पत्र्याची, रंग उडालेली टूलबॉक्स, कडीला छोटं कुलूप. घरची माणसं येतात. डबा, चष्मा, लॉकरमधला स्वेटर घेऊन जातात. पेटी उघडून बघतात आणि म्हणतात, "ह्यातलं आम्हाला काय कळणार? तुम्हीच ठेवा." हे ‘तुम्ही’ म्हणजे कोण, ते सगळ्या शॉपला ठाऊक असतं. गेलेल्याच्या शेजारच्या लेथवरचा, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवरचा.

अशा गेलेल्या माणसाला कुणी अण्णा म्हणतं, कुणी तात्या, कुणी नुसतंच मामा. पगारपत्रकावरचं नाव पोरं पहिल्यांदा नीट वाचतात ती त्या फोटोखालीच. हुद्द्याने अण्णा साधे टर्नर, लेथ चालवणारे. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेल्या पोराला शिकवा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तरी पहिल्या दिवशी पहिली शिवी त्यांचीच, आणि ती चकच्या चावीवरून. चक म्हणजे कापायचा तुकडा, जॉब, पकडून फिरवणारा जबडा. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. म्हणून नियम एकच: चावी चकमध्ये असेल तर हात चावीवर, हात काढायचा तर चावीही काढायची. अंगठी नको, हातमोजे नकोत, बाही कोपराच्या वर. जॉबभोवती गुंडाळलेला कीस हाताने ओढायचा नाही. मशीन थांबवायचं आणि आकडीने काढायचा.

मग मापं. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच ०.५ मिमी आणि फिरत्या बाहीवर ५० रेघा. म्हणजे एक रेघ ०.०१ मिमी. हे गणित पुस्तकात सगळ्यांनाच येतं. चूक होते ती दुसरीकडेच. अर्ध्या मिलिमीटरची खालची रेघ नुकतीच उघडी पडलेली असते, पोराला ती दिसत नाही आणि २४.८२चा जॉब तो २४.३२ वाचतो. अजून अर्धा मिलिमीटर काढायचा असताना आता संपलंच असं समजून हात थांबला तर वाचलो. उलटं झालं तर जॉब भंगारात. म्हणून अण्णा आधी व्हर्निअरने ढोबळ माप घ्यायला लावतात. जिथे दोन्ही मापांत अर्ध्याचा फरक, तिथे डोळ्याने दगा दिलाय.

पण अण्णांचा खरा हातखंडा गरम जॉबवर. समजा ५० मिमीचा शाफ्ट आहे, त्यावर बेअरिंग बसायचंय आणि ड्रॉइंगवर के-६ लिहिलंय. म्हणजे शाफ्ट ५०.००२ ते ५०.०१८च्या मध्ये हवा. पोरगं जोरात कट घेतं, लगेच मायक्रोमीटर लावतं, माप येतं ५०.०१. खूश! अण्णा म्हणतात, "हात लावून बघ." हात टेकत नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे साडेअकरा हजारांश, वाढतं. जॉब ३५ अंशांनी तापला असेल तर ५० मिमीला ०.०२ मिमी फुगतो. चहा पिऊन येईपर्यंत तो ४९.९९ होतो आणि बेअरिंग त्यावर गरागरा फिरतं. त्यामुळे शेवटच्या कटाआधी थांबायचं, जॉब गार होऊ द्यायचा. शॉपमधल्या अर्ध्या गप्पा या गार होण्याच्या वेळातल्या. घरभाडं, मुलीचं शिक्षण, सोसायटीचं कर्ज, गावचा पाऊस. सगळं जॉब कोमट असताना बोललेलं. सुपरवायझरला वाटतं दोघं टाइमपास करतायत.

शिष्याचा मित्र होतो ती वेळ नेमकी सांगता येते. पन्नाशीच्या आसपास अण्णांना व्हर्निअरच्या रेघा जुळताना दिसेनाशा होतात. ०.०२ची रेघ कुठली जुळते हे चष्म्यातूनही पुसट. ते बोलत नाहीत. एक दिवस मायक्रोमीटर पुढे करतात, "किती दिसतंय, बघ रे." एवढंच. त्यानंतर त्यांच्या जॉबचं शेवटचं माप शेजारच्या मशीनवरचा घेतो, आणि हे तिसऱ्या कुणाला कळत नाही.

पेटीत काय काय निघतं! धाग्याने बांधलेले पातळ पत्र्याचे तुकडे, टूलचं, म्हणजे कापणाऱ्या पात्याचं, टोक सेंटरला, जॉबच्या मध्याच्या उंचीला, आणायला पॅकिंग म्हणून. टूल सेंटरच्या खाली राहिलं तर फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, मधोमध बोंड उरतं. सिगारेटचा कागद, अण्णा सिगारेट ओढत नसले तरी. टूल जॉबला टेकलं की नाही ते या कागदाने कळतं. एक वही, तिच्यात गिअरचे हिशेब. मिलिमीटरच्या लेथवर इंची आटे पाडायचे तर १२७ दातांचं गिअर लागतं, कारण २५.४ला ५ने गुणलं की १२७. खाली पेन्सिलीने एका किराणावाल्याची उधारी. मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांत बारीक फट ठेवलेली. घट्ट बंद करून ठेवलं की तोंडं गंजतात आणि स्क्रूवर ताण येतो.

आणि तळाशी कापडात गुंडाळलेली एचएसएसची, हायस्पीड पोलादाची, टूलं, अण्णांनी धार दिलेली. लोखंडासाठी वरचा उतार १२ ते १४ अंश, पुढची मोकळीक ८च्या आसपास. पितळेचं वेगळं, त्याला वरून सपाट, नाहीतर ते जॉबमध्ये ओढलं जातं. कोन मोजायला अण्णांनी कधी साधन वापरलं नाही. बोटाचं पेर टेकवून धरायचे आणि तिरकं उजेडात बघायचे.

पंचाईत इथेच आहे. ही टूलं वापरली तर बोथट होणार. पुन्हा ग्राइंडरला लावलं की अण्णांचा कोन जाणार, आपला येणार. नाही वापरली तर गंजणार. खंडेनवमीला पेटी पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवता येतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पितळेची शंभर बुशं उभी असतात आणि स्टोअरमध्ये टूल शिल्लक नसतं.

मग ग्राइंडरचं रेस्ट, टूल टेकवायची पट्टी, बघायचं, चाकापासून एका सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त फट नको. चष्मा लावायचा. शेजारी पाण्याचा डबा. टूल चाकावर दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. निळं व्हायच्या आधी पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. मागून कुणी "अरे, जास्त दाबू नकोस" म्हणत नाही, तरी हात थोडा सैल होतो.