पेटीची नोंद ४ : पांढरी चार ऐकत नाही

हार्मोनियमच्या दुरुस्तीला आठ रविवार झाले. भात्याचं चामडं बदललं, फटी सरसाने बुजवल्या. (पांढरा गोंद नको, पुढच्या वेळी उकलताना लाकडाचा पापुद्रा घेऊन निघतो.) हवा आता चाळीस सेकंद टिकते, आधी पाचही टिकत नव्हती.

आता रीड, म्हणजे हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभ. ही पेटी आजोबांनी नगरहून बडोद्याला आणलेली, खर्ज-नर, म्हणजे दर पट्टीला एक खालच्या सप्तकातलं (खर्ज) आणि एक मधलं (नर) रीड. ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग आमच्या घरात तिच्यावरच म्हटले गेले. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी फतेगंजच्या आमच्या घरात शिरली तेव्हा ती कपाटावर होती, तरी नंतरच्या ओलीने पितळेवर हिरवट थर चढला.

मधल्या सप्तकातल्या पांढरी चारचं (चौथ्या पांढऱ्या पट्टीचं) नर रीड पुसलं आणि सूर एकदम चढला. म्हणजे पूर्वी कुणीतरी मळ न काढताच, टोक खरवडून, सूर चढवून ते मिळवलं होतं. उतरवायचं तर बुडाशी खरवडायचं. तीनदा खरवडलं. अजून पाच सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढं आहे, आणि भिंगातून बुडाशी केसाएवढी चीर दिसते. चौथ्यांदा पाती लावली तर जीभ हातात येईल.

पालिताण्याचं नवं रीड बसवता येईल. बसवणार नाही.

खर्जाबरोबर वाजवलं की सेकंदाला एक हेलकावा येतो, श्वास घेतल्यासारखा. मोठ्या चर्च-ऑर्गनमध्ये 'व्हॉक्स सेलेस्टे' नावाचा स्टॉप (आवाज बदलायचा खटका) असतो. त्यात नळ्यांची एक ओळ मुद्दाम किंचित बेसूर ठेवतात, तोच हेलकावा मिळावा म्हणून. नावाचा अर्थ स्वर्गीय आवाज! हे वाचून मी बराच वेळ पाती हातात घेऊन बसलो.

तसं पाहिलं तर पेटीत सप्तक सोडून शुद्ध काहीच नसतं. हीच पांढरी चार काळी एकवाल्याचा (काळी एकला षड्ज धरून गाणाऱ्याचा) गंधार, आणि ती अचूक मिळवली तरी तो गंधार १४ सेंट चढाच. तेवढी उतरवली तर पांढरी एकवाल्याचा मध्यम गेला. कुणाचाच सूर पुरा शुद्ध ठेवायचा नाही, म्हणून सगळ्यांना गाता येतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांना तर षड्जही सापडत नाही, त्यांचंही धकतं.

बायबलमधल्या पौलाने देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही; कृपा पुरे आहे, एवढंच उत्तर मिळालं. लहानपणापासून हे ऐकत आलो आणि दरवेळी वाटायचं, ही तर टाळाटाळ. या महिन्यात तसं वाटत नाही. का, ते नीट सांगता येत नाही. रीड परत बसवलं, एवढं खरं.

काल घरच्या प्रार्थनेला पहिल्यांदा वाजवली. हेलकावा कुणाच्या लक्षातही आला नाही. आत्या मात्र आमेन संपायच्या आत म्हणाली, "अरे, त्या भात्याच्या बिजागरीला तेल घाल रे, केवढी कुरकुरते!"

पुढच्या रविवारी बिजागरी.