ऑइल पंप आणि त्याच्यावर येणारा आळ

इंजिन पुरते तापल्यावर गाडी सिग्नलला थांबली, की माझ्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागे आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरासा दाबताच विझे. सकाळी इंजिन सुरू केल्यावरही तो विझायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होता. ज्या गॅरेजमध्ये गाडी प्रथम नेली, तिथे काहीही न उघडता ‘ऑइल पंप गेला’ असे निदान झाले. दुसऱ्या मेकॅनिकने ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी साधा गेज लावला. काटा नुसता खाली आला नव्हता, तर थरथरत होता. ऑइलबरोबर कुठून तरी हवाही आत येत असल्याचा संशय त्यांना तेव्हाच आला आणि पुढे तो खरा ठरला. त्या दिवसापासून मी या पंपाविषयी मिळेल ते समजून घेत आलो आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ऑइल पंप दाब निर्माण करत नाही, तो प्रत्येक फेऱ्यात ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल बेअरिंगच्या मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या फटींतून वाट काढताना अडते आणि त्या अडण्यातून दाब उभा राहतो. म्हणूनच झिजलेल्या बेअरिंगच्या इंजिनाला नवा पंप बसवला, तरी रुंदावलेल्या फटींतून ऑइल सहज निसटते आणि दाब कमीच राहतो.

दोन दातेरी चाकांचा पंप असेल तर ऑइल चाकांच्या मधून जाते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते दाते आणि पंपाचे कवच यांच्यामधील पोकळ्यांत भरून बाहेरच्या कडेने पलीकडे जाते, आणि मधोमध एकमेकांत अडकलेले दाते त्याला परत येऊ देत नाहीत. रोटर प्रकारच्या पंपात आतल्या चाकाला बाहेरच्या चाकापेक्षा एक दाता कमी असतो आणि दोघांचे केंद्र वेगळे असते. त्यामुळे त्यांच्यामधील पोकळी एका बाजूला मोठी होत ऑइल आत घेते आणि दुसऱ्या बाजूला लहान होत ते बाहेर ढकलते. असा पंप थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसवलेला असेल, तर इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना त्याचे आतले चाक सेकंदाला ५० वेळा फिरत असते.

पुढे ढकलण्याच्या कामात हा पंप इतका समर्थ असतो की त्याला आवरावे लागते. ते काम रिलीफ व्हॉल्व्ह करतो. अनेक इंजिनांत दाब ४ ते ५ बारच्या आसपास पोहोचला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचे ऑइल मागे सोडले जाते. ओढण्याच्या बाजूला मात्र तो दुबळा असतो. पंप ऑइल ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातल्या, ऑइलवर असलेला हवेचा दाबच त्याला नळीतून वर चढवतो, आणि हा दाब जेमतेम १ बार असतो. या नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर गाळ बसला, थंडीत ऑइल घट्ट झाले किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरली, की पंप कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत पुरेसे ऑइल पोहोचत नाही.

माझ्या गाडीत नेमके हेच घडले होते. संप उतरवल्यावर दिसले, की जाळीच्या नळीचा रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरला होता आणि जाळीत सीलंटचे वाळलेले तुकडे अडकले होते. पूर्वी कधीतरी संप बसवताना सीलंट सढळ हाताने लावले गेले असावे, आणि आतल्या बाजूला दबून आलेला भाग सुटून जाळीकडे गेला असावा. पंप मात्र फीलर गेजने, म्हणजे फटी मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, मोजला तेव्हा मॅन्युअलमधल्या मर्यादेत होता.

पंपाची निगा म्हणजे बहुतांशी ऑइलची निगा, आणि त्याला ठोस कारण आहे. फिल्टर पंपाच्या पुढे असतो, मागे नाही. बेअरिंगना गाळलेले ऑइल मिळते, पण पंपाला मात्र फक्त जाळीतून आलेले, बारीक कण तसेच असलेले ऑइल सोसावे लागते. ऑइल बदलण्याची मुदत टाळली, की त्याचा पहिला घाव पंपाच्या दात्यांवर पडतो. एखादा कण रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकून तो उघडाच राहिला, तर सगळा दाब तिथूनच निघून जातो. डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेखाली गेली, तर वळणावर ऑइल एका बाजूला सरकून जाळी उघडी पडते. वरच्या खुणेच्या बरीच वर गेली, तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. संपला खालून दगड लागून पोचा आला असेल, तर तोही तपासून घ्यावा, कारण आत दबलेला पत्रा जाळीच्या तोंडाशी येऊन ऑइलची वाट अरुंद करतो.

दिव्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. अनेक गाड्यांत तो दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली घसरल्यावरच लागतो. त्यामुळे तो विझलेला असणे म्हणजे दाब पुरेसा असणे नव्हे, आणि चालत्या गाडीत तो लागून राहिला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करणे हाच मार्ग आहे.

आमचा पंप उघडलेलाच होता, म्हणून बसवण्यापूर्वी त्यात ऑइल भरले. कोरडा पंप सुरुवातीला नुसती हवाच फिरवत राहण्याचा धोका असतो. नवा ओ-रिंग लावला, जाळी धुतली, ऑइल आणि फिल्टर बदलले. मग इंधनपुरवठा बंद ठेवून, मध्ये थांबत थांबत, गेजचा काटा वर येईपर्यंत इंजिन नुसत्या स्टार्टरवर फिरवले आणि त्यानंतरच ते सुरू केले. तापलेल्या इंजिनावर, आयडलिंगमध्येही, काटा आता स्थिर होता. पंप तोच, जुनाच आहे.