मॉन्सल ट्रेल अपडेट : तिसरा टप्पा झाला, पूर्ण लाइन चालून झाली!

मंडळी, झाली एकदाची. मॉन्सल ट्रेल म्हणजे इंग्लंडमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे लाइनवरची चालायची-सायकलची वाट. मार्चमध्ये बेकवेल ते मॉन्सल हेड, मे मध्ये मिलर्स डेलपर्यंत आणि काल उरलेला तुकडा ब्लॅकवेल मिलपर्यंत. एकूण साडेआठ मैल, सायकलवाले एका दुपारीत जाऊन येऊन करतात, पण मला रेल्वेच्या खुणा बघत जायचं असतं म्हणून पायीच.

डर्बीशायरमधली ही मिडलंड रेल्वेची लाइन १८६३ ला सुरू झाली, १९६८ ला बंद. १८६३ म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटातली रेल्वे सुरू झाली तेच वर्ष! माझं लहानपण कर्जतला गेलंय, त्यामुळे हे कळल्यापासून ही लाइन मला घरचीच वाटायला लागली.

सगळ्यात भारी अजूनही हेडस्टोन बोगदा. ट्रेल १९८१ पासून आहे पण मोठे बोगदे बंद होते, लोकांना डोंगराला वळसा घालून जावं लागायचं, २०११ ला ते उघडले आणि आत दिवसा दिवे असतात. जवळजवळ अर्धा किलोमीटर गारठ्यात चालायचं, भिंतींवर हात लावला तर अजून वाफेच्या इंजिनांची काजळी लागते, आणि बाहेर पडलं की लगेच पायाखाली पूल, खाली वाय नदी. मी तिथे वीस मिनिटं नुसता उभा होतो. हा पूल बांधला तेव्हा त्या काळचा नामवंत लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन प्रचंड चिडला होता, खोऱ्याची वाट लावली म्हणून, आणि आज तोच पूल वारसा म्हणून जपलाय. मला दोन्ही बाजू पटतात खरं तर.

मिलर्स डेल स्टेशनला पुरेसा वेळ ठेवा. एकेकाळी पाच फलाट होते, आता चहा मिळतो. शेजारी शेजारी दोन पूल दिसतील, त्यातला दुसरा १९०५ चा, गाड्या वाढल्या म्हणून बांधलेला.

आणि कालचं शेवटचं. 'ची टॉर' नावाच्या कड्याचे बोगदे संपवून ब्लॅकवेल मिलला पोचलो, तिथे शेजारच्या रुळांवर खाणीतल्या दगडाची मालवाहतूक अजून चालू आहे, आणि खरंच एक मालगाडी आली! तीन टप्पे रूळ नसलेल्या लाइनवरून चालल्यावर तो खडखडाट ऐकून डोळ्यांत पाणी आलं हो.

जाणाऱ्यांनी उन्हाळ्यातही जाकीट घ्या, बोगद्यात लागतंच. पुढचं टार्गेट हाय पीक ट्रेल, तीही अशीच जुन्या रेल्वेवरची वाट, तिथला हॉप्टनचा १४ ला १ चा (म्हणजे १४ फूट पुढे गेलं की १ फूट वर) चढ बघायचाय, सप्टेंबरमध्ये कोणी येतंय का?