रिकामा शब्द सगळीकडे सापडतो

आमची साइट ज्या पीएचपी भाषेत लिहिली आहे, तिच्या ७.४ आवृत्तीवरून ८ वर आलो आणि संपर्क-फॉर्ममधून येणारा एकूण एक संदेश स्पॅममध्ये पडू लागला. लॉग स्वच्छ, टेस्ट हिरव्या. सर्व्हरवाल्यांनी ‘आमच्याकडून सगळं ओके’ म्हणत नेहमीसारखे हात झटकले.

फिल्टर कुणा जुन्या माणसाने लिहिलेला. बंदी असलेल्या शब्दांची टेक्स्ट फाइल वाचायची, एक्सप्लोडने ओळी सुट्या करायच्या, प्रत्येक शब्द स्ट्रपॉसने संदेशात शोधायचा. स्ट्रपॉस जागा सांगतो: शब्द अगदी सुरुवातीला असेल तर ०, नसेलच तर फॉल्स, म्हणजे ‘नाही’. हे उत्तर नुसतं इफच्या अटीत टाकलं की ० सुद्धा ‘नाही’ ठरतो, म्हणून ‘!== फॉल्स’ (नेमका फॉल्स तर नाही ना) असंच तपासायचं. इथे तसंच तपासलेलं होतं, त्यामुळे त्या ओळीवर कुणाचा संशय जाईना.

शेवटी व्हार-डंपने यादी जशीच्या तशी छापून पाहिली. सगळ्यात खाली शून्य लांबीची स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर! एडिटर फाइलच्या शेवटी नवी ओळ सोडतात. एक्सप्लोड तिचा एक रिकामा शब्द करतो. पीएचपी ७ अशा शब्दाला ‘एम्प्टी नीडल’ची (शोधायचा शब्दच रिकामा) वॉर्निंग आणि फॉल्स द्यायचा. पीएचपी ८ च्या मते रिकामी स्ट्रिंग प्रत्येक मजकुरात असते, तीही ० या जागी. तर्काने हेच बरोबर; जावास्क्रिप्ट भाषेत हेच काम करणारा इंडेक्सऑफही ० च देतो. पण मग ० काही फॉल्स नव्हे, आणि सगळे संदेश स्पॅम. गंमत म्हणजे ओळ चुकीची, नुसत्या इफची असती, तर हा बिघाड झालाच नसता. हे मला अजून पचत नाही.

टेस्टमध्ये यादी थेट कोडमध्येच लिहिलेली, खरी फाइल कधी वाचलीच नाही. असल्या हिरव्या टेस्टना काय अर्थ?

‘स्ट्र_कंटेन्स वापरा, नवीन आहे,’ असा सल्ला आला; तो शब्द आहे की नाही एवढंच सांगतो. रिकाम्या शब्दाला तोही ट्रूच म्हणतो. मी शब्दांच्या कडेच्या मोकळ्या जागा ट्रिम केल्या आणि रिकामे शब्द गाळायला अ‍ॅरे-फिल्टरला स्ट्रलेन, म्हणजे लांबी मोजणारं फंक्शन, दिलं. नाहीतर तो ‘०’ हा शब्दही रिकामा समजून गाळतो.

राहता राहिली ती वॉर्निंग. पीएचपी ७ वर प्रत्येक संदेशामागे ती येत होती, पण स्ट्रपॉसच्या आधी @ लावून कुणीतरी तिचं तोंड बंद केलं होतं. ग्रेपने सगळ्या फाइलींत शोधलं तर असे @ कोडभर पसरलेले. एकेकाखाली काय दडलंय ते बघायला वेळ मागितला. ‘आता चालतंय ना?’ असं उत्तर आलं.